यादीत तुमचं नाव, यादी त्याच्या हातात

पत्राचा गोषवारा: एका आमदारांच्या तालुक्यातल्या संपर्क कार्यालयात पाच वर्षं काम करणारी ३१ वर्षांची वाचक लिहिते. निवेदनं, दवाखान्याच्या मदतीच्या फायली, शिफारसपत्रं, दौऱ्याचं नियोजन हे सगळं तीच बघते. जिल्हा परिषदेच्या आपल्या गटातून (मतदारसंघातून) उभं राहायचं तिच्या मनात आहे. साहेबांच्या कानावर तिने ते दोनदा घातलं, ‘बघू, काम चालू ठेवा’ एवढंच उत्तर मिळालं. विधानसभेच्या वेळी पुण्याहून वॉर रूम सांभाळायला आलेला एक सहकारी नंतर ऑफिसातच राहिला. तो आणि ती गेले १४ महिने एकमेकांच्या प्रेमात आहेत. तो मूळचा दुसऱ्या जिल्ह्यातला, दुसऱ्या समाजातला. ऑफिसात कुणाला पत्ता नाही. तो म्हणतो, दिवाळीत सगळ्यांना सांगून टाकू, ती टाळतेय. ‘ऑफिसात मी त्याच्याशी मुद्दाम तुटक बोलते, आता एकट्यातही तसंच बोलायला लागलेय. तो काही मनातलं बोलायला आला की मी फाईल उघडते,’ असं ती लिहिते. कुठल्या इच्छुकाला लोकांची किती पसंती आहे हे बघायला पुढच्या महिन्यात तालुक्यातल्या सगळ्या गटांचा सर्व्हे आहे आणि अहवाल त्याच्या हातून जाणार आहे. आपण इच्छुक आहोत हे तिने त्याला सांगितलेलं नाही. तिचा प्रश्न: ‘तिकीट मिळालं तर लोक म्हणतील त्याच्यामुळे मिळालं. नाही मिळालं तर मीच म्हणेन त्याच्यामुळे गेलं. तिकिटाचं ठरेपर्यंत हे नातं थांबवू का?’

तुमच्या पत्रात गुपितं दोन आहेत आणि तुम्ही विचारलंय एकाबद्दलच. ऑफिसला तो माहीत नाही, हे पहिलं. त्याला तुमचं तिकीट माहीत नाही, हे दुसरं. पहिल्याच्या काळजीत पत्र भरून गेलंय, दुसरं एका ओळीत उरकलंय. मला वाटतं, गाठ त्या एका ओळीतच आहे.

सर्व्हे सुरू व्हायच्या आधी साहेब किंवा त्यांचे पीए प्रत्येक गटातल्या इच्छुकांची नावं काढून देतील. तुम्ही दोनदा बोलला आहात, म्हणजे तुमचं नाव त्यात येण्याची शक्यता चांगलीच आहे. एखाद्या संध्याकाळी तो एक्सेलची शीट उघडेल, तुमच्या गटापुढे सहा-सात नावं असतील आणि त्यांत तुमचं असेल. ज्याच्याबरोबर तुम्ही वर्षभराहून जास्त काळ आहात, त्याला तुमची सगळ्यात मोठी इच्छा पीएने टाईप केलेल्या यादीतून कळेल. त्या क्षणी त्याच्या मनात जे येईल ते दुरुस्त करायला नंतर फार बोलावं लागेल. ‘माझ्यावर विश्वास नव्हता’ हे एक. दुसरं त्याहून वाईट: ‘सर्व्हे माझ्याकडे आहे म्हणून तर ही माझ्याजवळ आली नाही ना?’ तुमच्या मनात असं काही नाही, हे तुमच्या पत्रावरून दिसतंच. पण ताकाला जाऊन भांडं लपवलं की पाहणाऱ्याला शंका यायचीच.

तुम्ही मनातलं कुणाला सांगत नाही, हा तुमचा दोष आहे असं मात्र समजू नका. ज्या जागी तुम्ही काम करता तिथे ही सवय लागली नसती तर पाच वर्षं टिकलाच नसता. दौऱ्याच्या गाडीत पुढे ड्रायव्हर आणि अंगरक्षक, मागे साहेब आणि पीए. तिथे फोनवर अर्धवट बोललेलं वाक्यही संध्याकाळपर्यंत एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीत पोचतं. रात्री साडेनऊपर्यंत थांबणारा पोरगा ‘कष्टाळू’ ठरतो आणि शेजारच्या खुर्चीत त्याच वेळी बसलेली मुलगी ‘साहेबांच्या जवळची’ ठरते. अशा ठिकाणी राहून, नावाला बोट लावू न देता, गावोगावची माणसं जोडणं ही मोठी कमाई आहे. ती जपायलाच हवी. फक्त बाहेरच्या दाराची कडी लावता लावता तुम्ही आतल्या खोलीचीही लावून घेतलीय. एकट्यातही तुटक बोलायला लागलेय, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय, आणि ते वाचून काळजी वाटली. ऑफिसात घातलेला चेहरा घरी उतरत नसेल, तर तिकीट मिळाल्यावर तो आणखी घट्ट बसेल. प्रचाराच्या त्या दिवसांत चेहरा उतरवायला वेळच मिळत नाही.

आता ‘लोक काय म्हणतील’. लोक म्हणणारच. तो नसता तर साहेबांमुळे मिळालं म्हणाले असते, साहेब नसते तर आरक्षणामुळे. राज्यात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना ५० टक्के जागा आहेत, आणि तरी निवडून आलेल्या प्रत्येक बाईला ‘आरक्षणावर आली’ हे ऐकावं लागतं. हवेतली बोलणी चार दिवसांत विरतात. ज्या बोलण्याला कागदाचा आधार मिळतो, ते चिकटतं. तुमच्या बाबतीत असा कागद एकच आहे: सर्व्हेचा अहवाल. म्हणून लोकांच्या तोंडांची काळजी सोडा आणि त्या कागदाची करा.

तो कागद नेमका कुठे हलतो, हे समजून घ्या, कारण तुम्हा दोघांनाही ते स्वच्छ दिसायला हवं. समजा गटातली १० मतदान केंद्रं निवडली आणि प्रत्येक ठिकाणी ३० घरं, तर ३०० जणांची मतं हाती येतात. एवढ्या नमुन्यात पाच-सहा टक्के इकडेतिकडे होणं गणितानेच ठरलेलं आहे. म्हणजे एका इच्छुकाला २४ टक्के आणि दुसऱ्याला २१ टक्के आले, तर खरं तर दोघे बरोबरीत असतात. अशा वेळी निर्णय आकड्यावर होत नाही, शेवटच्या रकान्यातल्या शेऱ्यावर होतो: ‘संपर्क चांगला’, ‘आर्थिक बाजू कमकुवत’, ‘पक्षातल्या दुसऱ्या गोटाचा विरोध’. तो शेरा अहवाल लिहिणारा लिहितो. तिथे त्याने तुमच्या बाजूने एक शब्द वाढवला तरी गडबड, आणि आपल्यावर आळ येऊ नये म्हणून एक शब्द कमी केला तरी गडबडच. दुसरी शक्यता मला जास्त वाटते. प्रामाणिक माणूस आपल्या माणसाला मोजताना हात आखडता घेतो, आणि तुम्हाला ते कधी कळणारही नाही.

यात कुणीच लबाडी न करताही आकडा बिघडतो. सर्व्हेला ऑफिसातलीच मुलं पाठवली, तर गावात त्यांना सगळे ओळखतात. ‘साहेबांच्या ऑफिसातनं आलेत’ म्हटल्यावर म्हातारी माणसं सहज सांगून टाकतात, ‘आमचं काम मॅडमनीच केलं, मॅडमच उभ्या राहू द्या.’ ऐकायला गोड, पण तो आकडा फुगलेला असतो आणि मतपेटीत तो भेटत नाही. नावं नेहमी एकाच क्रमाने वाचली, तर पहिल्या नावाला फुकट मतं पडतात. नावं न सांगता आधी ‘तुमच्या मनात कोण?’ असं विचारलं आणि मग यादी वाचली, तर दोन्ही उत्तरांतला फरक बघून कळतं की इच्छुकाला लोक खरंच ओळखतात की नुसतं ऐकून हो म्हणतात.

म्हणून, तुमच्या गटाचा सर्व्हे त्याने करू नये. तालुक्यातले बाकीचे गट त्याने करावेत, तुमचा एक गट बाहेरच्या कुणाकडे जावा: दुसऱ्या तालुक्यातली टीम, किंवा पक्ष जिल्ह्यासाठी वापरतो ती संस्था. मुलं बाहेरची, नावांचा क्रम प्रत्येक घरी बदलता, भरलेले फॉर्म थेट साहेबांकडे किंवा जिल्ह्याकडे, आणि शेऱ्याचा रकाना त्याच्या हाताखालून जाऊ नये. इतकं केलंत तर उद्या कुणी बोट दाखवलं तरी दाखवायला कागद तुमच्याकडे असेल. शिवाय तुम्हाला स्वतःला खरा आकडा कळेल, आणि इच्छुक माणसाला त्याहून उपयोगी दुसरं काही नसतं.

पण हे सगळं करायचं तर आधी त्याला सांगावं लागेल की तुम्ही उभ्या राहणार आहात. पहिलं काम तेच.

कसं सांगायचं? ऑफिसच्या आवारात नको, चॅटवर तर नकोच. तास-दोन तास हाताशी असतील असा दिवस बघा. ‘तुला काय वाटतं, मी उभं राहावं का?’ अशी विचारणा करू नका. तुमचं ठरलेलं आहे, परवानगी मागितल्यासारखं बोललात तर तो सल्ला द्यायला लागेल आणि तुम्ही पुन्हा फाईल उघडाल. सरळ सांगा: मी गटातून इच्छुक आहे, साहेबांशी दोनदा बोललेय, तुला सांगायला उशीर केला, आणि उशीर का केला तेही सांगते. हे शेवटचं खरं सांगा. तुम्हाला भीती वाटली की तुमची इच्छा त्याच्या हातात दिली तर ती त्याची होऊन जाईल. मला वाटतं भीती हीच आहे, आणि ती खोटी नाही.

मग त्याच्याकडे बघा. पहिली पाच मिनिटं माफ असतात. त्याला वाईट वाटेल, वाटू द्या. त्यानंतर तो काय विचारतो ते महत्त्वाचं. ‘कुठली गावं तुझ्या बाजूने आहेत, कुठली अवघड?’ असं विचारणारा माणूस तुमच्याबरोबर आहे. ‘मग आपलं काय?’ असं विचारणारा घाबरलाय. त्याच्याशी बोलता येतं, वेळ लागेल. ‘तू काळजी करू नकोस, सर्व्हेचं मी बघतो’ असं म्हणाला, तर प्रेमाने म्हणाला असला तरी तिथेच थांबवा. तुमचं पाच वर्षांचं काम त्याच्या एका उपकाराखाली जाईल आणि पुढची कित्येक वर्षं दोघांनाही ते आठवत राहील. आणि ‘या भानगडीत पडूच नकोस, आपण पुण्याला जाऊ’ असं म्हणाला, तर तेही ऐकून घ्या, त्याला तसं वाटण्याचा हक्क आहे. पण मग दिवाळीत काय जाहीर करायचं, याचा विचार तुम्हाला नव्याने करावा लागेल. त्याला तुम्ही आवडता हे १४ महिन्यांत कळलंय. तुमची महत्त्वाकांक्षा त्याला आवडते का, हे तपासायची संधीच तुम्ही त्याला दिलेली नाही.

त्याच बैठकीत नाही, पण महिनाभरात एक बोलणं आणखी व्हावं. तुम्ही निवडून आलात तर तो कोण असेल? सरपंचबाईच्या नावाने पंचायत चालवणारे नवरे प्रत्येक तालुक्याने पाहिलेत. ते सगळे वाईट हेतूने तसे झालेले नसतात. फोन उचलता उचलता होतात. ठेकेदाराचा फोन आला, तुम्ही मीटिंगमध्ये होता, त्याने घेतला, ‘सांगतो त्यांना’ म्हणाला, आणि दोन महिन्यांत लोक थेट त्यालाच फोन करू लागले. तुमचा माणूस तर निवडणुकीचं तंत्र जाणणारा, बोलायला हुशार. त्याच्याकडे कामं जाणं फार सोपं आहे. म्हणून आधीच ठरवा: तुमचा नंबर तुमच्याकडेच राहील, लेटरहेड आणि शिक्के त्याच्या हाती जाणार नाहीत, ठेकेदाराशी तो बोलणार नाही, फ्लेक्सवर त्याचा फोटो लागणार नाही. आणि जिल्हा परिषदेचं प्रसिद्धीचं किंवा सर्व्हेचं काम तो घेणार नाही. सदस्याचा परिषदेच्या कामात प्रत्यक्ष किंवा आडून हितसंबंध निघाला तर सदस्यत्वावर गदा येऊ शकते, आणि विरोधक पहिल्यांदा तेच शोधतात.

यानंतर साहेब. त्यांना सांगावं लागेल, कारण एका गटाचा सर्व्हे दुसरीकडे का द्यायचा, याचं कारण द्यावं लागेल. दोघांनी मिळून जाऊ नका, ते लग्नाची परवानगी मागितल्यासारखं दिसतं. आधी तुम्ही जा, त्याच दिवशी नंतर तो जाऊ दे आणि त्याने फक्त सर्व्हेचं बोलावं. सकाळी माणसं जमायच्या आधीची वेळ बरी; गाडीत नको, रात्री तर नकोच. बोलणं चार वाक्यांचं ठेवा: ‘साहेब, एक गोष्ट बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावी म्हणून सांगते. आमचं दोघांचं पुढे लग्नाचं चाललंय. मी गटातून इच्छुक आहे, म्हणून त्या गटाचा सर्व्हे त्यांनी करू नये, बाहेरच्यांना द्यावा अशी विनंती आहे. माझ्या कामात काही फरक पडणार नाही.’ एवढं बोलून उठा. लग्नाचं अजून तुमच्यात ठरलेलं नसेल, तर ते वाक्य बोलू नका. ‘आमचा वैयक्तिक संबंध आहे’ एवढं पुरतं.

हे आरक्षणाच्या सोडतीआधी, म्हणजे कुठला गट कुणासाठी राखीव हे चिठ्ठ्या काढून ठरायच्या आधी सांगा. सोडत निघेपर्यंत तुमच्या गटाला कुणी फारसं विचारत नाही. गट महिलेसाठी निघाला की आठवडाभरात पुढाऱ्यांच्या बायका, सुना, वहिन्या इच्छुक होतात आणि तुमच्याविरुद्ध काही सापडतंय का, याची शोधाशोध सुरू होते. तोपर्यंत साहेबांना सगळं माहीत असेल, तर सांगायला येणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. आणि गट खुला निघाला, तर खुल्या जागेवर बाईला उभं राहायला मनाई नाही, हेही साहेबांना तेव्हाच बोलून ठेवा. बरेच नेते सोयीने ते विसरतात.

साहेब काय करतील? ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणतील, तर उत्तम. थट्टा करतील, ती सोसा. ‘दोघांपैकी एकाला दुसरीकडे पाठवू’ म्हणाले, तर सावध राहा, कारण अशा वेळी हलवलं जातं ते बहुतेक बाईला. तुमची कमाई गावात आहे, त्याचं काम लॅपटॉपवर आहे. ते मुंबईच्या ऑफिसातून होतं, अधिवेशनाच्या वेळी नागपूरहूनही होतं. कुणी हलायचं झालंच तर कोण, हे दोघांनी आधी ठरवून जा आणि साहेबांना प्रस्ताव तुम्हीच द्या.

इथे तुमच्यासारख्या बाकीच्या वाचकांसाठी थोडं वेगळं सांगते. तुमचा सहकारी तुमचा वरिष्ठ नाही, तुमचा पगार त्याच्या हातात नाही, म्हणून वरचं सगळं लागू पडतं. समोरचा माणूस स्वतः साहेब असेल, पीए असेल, किंवा तिकीट देणाऱ्या समितीत असेल, तर यातलं काहीही लागू नाही. तिथे ‘नाही’ म्हणायची मोकळीक खरंच आहे का, हा पहिला प्रश्न. आणि पक्षात तक्रारीची यंत्रणा असेल असं धरून चालू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे, पण राजकीय पक्ष आणि कार्यकर्ता यांच्यात मालक-नोकर असं नातं नसल्याने पक्षांना अंतर्गत समिती बंधनकारक नाही, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. कार्यालयात पगारावर असणाऱ्या बाईची गोष्ट वेगळी. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. पण त्यासाठी तुम्ही तिथे नोकरीला आहात हे दाखवता आलं पाहिजे. पाकिटातून पगार घेत असाल, तर या महिन्यापासून तो बँकेत मागा आणि एका ओळीचं का होईना, नेमणुकीचं पत्र घ्या.

आता तुमचा मूळ प्रश्न: तिकिटाचं ठरेपर्यंत थांबवू का?

नको, आणि कारण भावनेचं नाही, तारखेचं आहे. निवडणुकीच्या तारखेला नातं बांधून ठेवता येत नाही. राज्यातल्या अनेक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं तिथे प्रशासक बसले. त्या काळात ‘निवडणूक झाली की बघू’ म्हणून लग्नं, घरं, नोकऱ्या लांबवणारे इच्छुक किती असतील! शिवाय तिकिटाचं खरं ठरतं अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी. पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म दुपारी तीनच्या आत कुणाच्या नावाने पोचतो, ते पाहावं लागतं. तोवर थांबवलेलं नातं त्या दुपारी कसं सुरू करणार? मिळालं तर प्रचार, नाही मिळालं तर राग. जाहीर करणं लांबवायचं असेल तर खुशाल लांबवा. दिवाळीला सगळ्या ऑफिससमोर सांगायची काही गरज नाही, साहेबांना कळलं की कामापुरतं झालं. त्याला तेवढं पुरत नसेल, तर का पुरत नाही, हे त्याला विचारा. कदाचित १४ महिने अनोळखी असल्यासारखं वागून तो थकला असेल. घरच्यांना आणि एका-दोघा जवळच्या माणसांना सांगितलं तरी त्याला हायसं वाटेल.

लग्नाचं ठरलं, तर कागदांकडे प्रेमाइतकंच लक्ष द्या. जिल्हा परिषदेला उभं राहायला त्या जिल्ह्याच्या मतदार यादीत नाव लागतं. लग्नानंतर सासरच्यांनी हौसेने पत्ता बदलायचा फॉर्म ८ भरून तुमचं नाव त्याच्या जिल्ह्यात नेलं, की इथली उमेदवारी संपली. नाव हलवू नका. आडनावही बदलू नका. कायद्याने ते बदलावं लागत नाही, आणि यादीत एक नाव, अर्जावर दुसरं, जात प्रमाणपत्रावर तिसरं असा घोळ छाननीच्या टेबलावर फार महाग पडतो. मागास प्रवर्गाच्या जागेवर उभं राहायचं असेल, तर जात जन्मावरून ठरते, नवऱ्याच्या जातीवरून नाही. माहेरच्या नावाचं जात वैधता प्रमाणपत्र आत्ताच हातात असू द्या. गुपचूप नोंदणी करून निवडणूक काढू, असं मनात असेल तर ते सोडून द्या. उमेदवारीच्या शपथपत्रात जोडीदाराची मालमत्ता लिहावी लागते आणि ते शपथपत्र कुणीही वाचू शकतं. विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं झालं तर ३० दिवसांची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लागते. म्हणजे ज्या दिवशी नोटीस लागेल, तो जाहीर व्हायचा दिवस समजा आणि त्याआधी दोन्ही घरी सांगून मोकळे व्हा.

समाज वेगळा असण्याची भीती तुम्ही ओझरती लिहिलीय. ती हवेत ठेवू नका, गावांवर उतरवा. गटातल्या कुठल्या गावात, कुठल्या भावकीत राग धरतील, त्यातली किती घरं आधीपासून तुमची होती, कुठल्या घरची निराधार योजनेची फाईल तुम्ही मार्गी लावलीत, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? लिहून काढलंत तर कळेल की नुकसान आहे, पण त्याला माप आहे. गावकीने वाळीत टाकण्याची भाषा केलीच, तर त्यासाठी राज्याचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. घरून जिवाला धोका वाटला, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार जिल्ह्यात अशा जोडप्यांसाठी विशेष कक्ष असायला हवा. पोलीस अधीक्षक कार्यालयात त्याची चौकशी आधीच करून ठेवा.

मृणाल मोहिलेंनी, म्हणजे पुढच्या मृणाल गोरेंनी, वैद्यकीचं शिक्षण सोडून चळवळीत उडी घेतली आणि १९४८ मध्ये तिथल्याच सहकाऱ्याशी, केशव गोरेंशी, आंतरजातीय लग्न केलं. केशव गोरे १९५८ मध्ये गेले. त्यानंतर त्या मुंबई महापालिकेत, १९७२ मध्ये विधानसभेत, १९७७ मध्ये लोकसभेत गेल्या, आणि ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना पाण्यासाठीच्या मोर्चांनी दिलं. त्या काळच्या समाजवादी चळवळीची आणि आजच्या तिकिटाच्या बाजाराची तुलना होत नाही, हे मला कळतं. पण तिथे दोघांचं काम एकमेकांपासून लपवलेलं नव्हतं आणि एकाच्या कामावर दुसऱ्याचं नाव नव्हतं. तेवढं आजही जमवता येतं.

आणि समजा जमलं नाही, त्याला सांगितल्यावर काही तरी तुटलं? तरी सर्व्हे बाहेर द्यायची विनंती मागे घेऊ नका. दुखावलेला माणूसही शेरा लिहितोच. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तुमचं व्हॉट्सअ‍ॅप चालू राहिलंय का, ते आजच ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये बघा; अशा कार्यालयांतली निम्मी गुपितं तिथूनच फुटतात. तुमचे खासगी फोटो त्याच्याकडे असतील आणि पुढे ते कुणी फिरवले, तर काढताना तुमची संमती होती म्हणून गुन्हा टळत नाही. पसरवायला संमती नव्हती, एवढं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ ला पुरतं.

सर्व्हेला महिना आहे. नावांची यादी आठ-दहा दिवस आधी निघते, म्हणजे तुमच्या हातात तीन आठवडे आहेत. त्यातला पहिला रविवार त्याच्यासाठी ठेवा. गावं आणि माणसं टिपून ठेवलेली वही तुमच्याकडे असणारच. जाताना ती बरोबर न्या आणि गटाचं पान उघडून त्याच्यापुढे ठेवा. बोलणं झालं की वही परत तुमच्या पिशवीत.